पांझरेचे पाट

खानदेशातील पांझरा आणि बागलाणातील मोसम व आरम या नद्यांच्या काठी 300 वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या फडपद्धतीचा इतिहास जाणून घ्यायचा, तर सरकारी दप्तरापेक्षा पाटातला गाळच अधिक बोलका ठरेल, असे मला नेहमी वाटते. पात्रात दगडी बंधारा घालावा, काठाने पाट काढावा आणि पाटाखालचे थळ, म्हणजे भिजणारे क्षेत्र, तीनचार फडांत विभागावे, एवढीच तिची बाह्य रचना. कोठे 25 एकर भिजत, तर कोठे 500. खरी चतुराई वाटणीत होती. एका फडात एका हंगामाला एकच पीक, म्हणजे एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, एखादा पडीक, आणि पुढील साली हा क्रम फिरे. शिवाय बहुतेक खातेदारांचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असल्यामुळे, पाणी अपुरे पडून पंचांनी एखादा फड कोरडा ठेवला, तरी त्या नुकसानीची झळ एकट्यादुकट्याला न लागता साऱ्यांना सारखी लागे.

पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकांच्या राखणीला जागल्या; त्यांचा मोबदला धान्यात. पण पाट उपसण्याचे काम मात्र कोणा चाकराचे नव्हे, ते खातेदारांचे, आणि ज्याला येणे जमत नसे त्याने आपला माणूस पाठवावा किंवा भरपाई द्यावी, असा शिरस्ता. गुडघाभर चिखलात उतरून फावड्याने गाळ ओढावा, टोपली वर द्यावी, मुळासकट लव्हाळे उपटावे आणि घुशींनी पोखरलेला काठ त्याच ओल्या गाळाने लिंपावा. बांधाच्या वितीवरून बोलणे टाकलेल्या भाऊबंदांनाही या कामी एकमेकांची टोपली झेलावीच लागत असणार.

1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले अभियंते विश्वेश्वरय्या लवकरच धुळ्याकडे आले आणि पांझरेच्या खोऱ्यात दातर्तीचे नळकाम त्यांनी पुरे केले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जी पाळीपाळीने पिके घेण्याची गटपद्धत सुचवली, तिचे या फडांशी असलेले साम्य निव्वळ योगायोगाचे नसावे, असा माझा तर्क आहे.

पुढे विहिरी वाढल्या, ज्याला त्याला घरचे पाणी झाले आणि पाटात उतरणारे हात विरळ होत गेले; उरले ते बहुधा शेवटच्या चारीवरचे, ज्यांच्यापर्यंत पाणी सर्वांत उशिरा पोचे.