६१७४ : ज्याने त्याने पडताळावा असा शोध

१/ शिवराज्याभिषेकाचे वर्ष घ्या : १६७४. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा.
७६४१ − १४६७ = ६१७४.

२/ चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या आणि हीच कृती करत राहा. वजाबाकीत आरंभी शून्य आले तर तेही अंक म्हणून धरा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते.

३/ हे गुपित १९४९ मध्ये देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी उलगडले. अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने ते जगभर पोहोचले.

४/ आज संगणक सर्व चार अंकी संख्या क्षणार्धात तपासतो. संगणकीय संशोधनात मात्र आज्ञावली किंवा विदा दडवली, तर वाचकाला निष्कर्षावर नुसता विश्वास ठेवावा लागतो. कापरेकरांचा नियम आणि त्याचा अपवाद दोन्ही उघड होते. त्यामुळे पदाचे वलय नसलेल्या मास्तरांचा शोध कागद-पेन्सिलीवरही खरा ठरतो. आपले जन्मवर्ष घेऊन पाहा.