सेलूच्या पेटाऱ्यातील तबकड्या आणि टर्नटेबलची निवड

ध्वनिमुद्रिका, म्हणजे बोलीतील रेकॉर्ड किंवा तबकडी, पुन्हा ऐकाव्याशा वाटणाऱ्या कुटुंबापुढे आज पहिला प्रश्न येतो तो यंत्राच्या किमतीचा, आणि बाजारही त्याला याच प्रश्नात गुंतवून ठेवतो. वस्तुतः यंत्राची निवड घरात उरलेल्या तबकड्यांवरून व्हावी लागते, आणि त्या तबकड्या कोणत्या जातीच्या आहेत हे त्या प्रदेशाच्या इतिहासाने फार पूर्वीच ठरवून ठेवलेले असते. मुंबईच्या दादर-गिरगावातील घरात जे सापडते तेच परभणी जिल्ह्यातील सेलूच्या घरात माळ्यावरच्या पेटाऱ्यात सापडेल असे नाही. हा फरक ध्यानात न घेता दिलेला खरेदीचा सल्ला मराठवाड्यातील बहुतेक घरांत निरुपयोगी ठरतो.

सेलू हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील गाव. निजाम संस्थानातील हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि मनमाड, औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी अशी साखळी मुंबईच्या बाजाराला जोडली गेली. काळ्या जमिनीचा कापूस या मार्गाने बाहेर जाऊ लागला, सरकी काढणारे जिनिंग आणि गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने स्टेशनांच्या आसऱ्याने उभे राहिले, आणि मोंढा, म्हणजे धान्य-कापसाच्या अडतीची बाजारपेठ, हे अशा गावांचे केंद्र बनले. ज्या गाडीने कापूस गेला त्याच गाडीने शहरी वस्तू आल्या; मात्र हैदराबाद हे स्वतंत्र जकात असलेले संस्थान असल्यामुळे ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या मालाला करोडगिरी, म्हणजे निजामाच्या जकात खात्याचा कर, भरावा लागे. शिवाय संस्थानात चालणारा हाली रुपया आणि ब्रिटिश कलदार रुपया यांचे प्रमाण साधारणपणे सात हालीस सहा कलदार असे होते. मुंबईत कलदारात छापलेली किंमत अशा रीतीने मराठवाड्यात पोहोचेपर्यंत दोनदा वाढत असे. ग्रामोफोन ही येथे मुंबई-पुण्याहून अधिक काळ अडत्या, वतनदार आणि वकील यांच्या घरापुरती मर्यादित वस्तू राहिली असेल, तर त्याचे एक कारण या हिशेबात आहे.

भारतातील ध्वनिमुद्रणाचा व्यावसायिक आरंभ १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात झाला. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गैसबर्ग याने तेथे गौहरजान यांचे गाणे मेणाच्या चकतीवर उतरवले, आणि त्या मूळ मुद्रांवरून तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे दाबून तयार झाल्या. परदेशी कारागिराला कोणाची तबकडी कोणती हे कळावे म्हणून त्या काळातील गायक-गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव पुकारत. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदह येथे कारखाना निघाल्यावर हा वळसा संपला, आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस दमदमच्या मोठ्या कारखान्याने देशभरची गरज भागवण्यास सुरुवात केली. तबकडीचे बांधणीद्रव्य असलेला शेलॅक हा पदार्थ मुळात भारतातलाच, लाखेच्या किड्यापासून मिळणारा. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून दाबलेली ही चकती जड, ठिसूळ आणि मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तासभर विस्तारणारा ख्याल किंवा प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’ने लांबणारे नाट्यपद या मापात बसवणे हे गायकापुढचे नवेच आव्हान होते, आणि बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांच्या त्या काळच्या तबकड्या ऐकताना हे आव्हान प्रत्येकाने वेगळ्या रीतीने पेलल्याचे जाणवते.

तबकडी वाजवणारे यंत्र किल्लीचे होते. दांडा फिरवून स्प्रिंगला ताण द्यायचा, स्प्रिंग उलगडताना चकती फिरे. टोकदार पोलादी सुई तबकडीच्या खाचेतून धावे आणि तिची थरथर साउंडबॉक्समधील, म्हणजे अभ्रकाच्या किंवा धातूच्या पातळ पडद्याच्या डबीतील, पडद्याला मिळून कर्ण्यातून आवाज बाहेर पडे. विजेचा यात कोठेही संबंध नव्हता. साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्याही वर असल्याने तबकडीच्या मिश्रणातील भुकटी सुईला घासून खाचेच्या आकारात आणी, आणि म्हणूनच एक बाजू वाजली की सुई बदलावी हा दंडक होता. सुयांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या याच कारणाने विकल्या जात. १९३१ मध्ये आलेला एचएमव्ही १०२ हा सुटकेसच्या आकाराचा ग्रामोफोन कर्णा पोटात लपवून ठेवणारा होता, आणि प्रवासात नेता येत असल्यामुळे तो भारतातही चांगलाच रुळला. तीसच्या दशकात मुंबईतील नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने ‘यंग इंडिया’ या नावाने देशी तबकड्या काढल्या. याच सुमारास ग. ना. जोशी यांच्या तबकड्यांतून भावगीत हा प्रकार घराघरांत गेला, आणि त्या गीतांचे एक कवी ना. घ. देशपांडे हे मेहकरचे, म्हणजे सेलूपासून फार दूर नसलेल्या वऱ्हाडातले होते.

संस्थानी मराठवाड्यात या यंत्राला आणखी एक संदर्भ होता. राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि ‘गश्ती निशान ५३’ या नावाने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात गाजलेल्या परिपत्रकामुळे सार्वजनिक सभा-समारंभांना पूर्वपरवानगी घ्यावी लागे. मराठी नाटक मंडळीचा मुक्काम, व्याख्यान, गाण्याची बैठक या गोष्टींवर अशा वातावरणाचे सावट असताना माजघरात वाजणाऱ्या तबकडीला मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती. ग्रामोफोनने मराठवाड्यात मराठी संस्कृती राखली असे विधान करणे अतिशयोक्तीचे होईल; नाट्यपद ऐकण्याचा तो एक बिनबोभाट मार्ग होता, एवढेच म्हणता येते.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि या दशकात तबकडी माजघरातून उठून मांडवात गेली. या स्थलांतराला दिल्लीतील एका निर्णयाचाही हातभार लागला. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जे स्वतः मराठी होते, त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपट संगीताला कात्री लावली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू होईपर्यंत सरकारी नभोवाणीने ही पोकळी भरली नाही. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता, आणि खेड्यात तो फारच थोड्यांकडे होता, त्यांना चित्रपटाचे गाणे ऐकू येई ते लग्नातल्या भोंग्यातून. भोंगा म्हणजे पत्र्याच्या कर्ण्याचा लाउडस्पीकर. तो लिंबाच्या झाडाला किंवा धाब्यावर बांधायचा, मोटारीच्या बॅटरीवर ॲम्प्लिफायर चालवायचा आणि वीज नसेल तेथे किल्लीच्याच यंत्रावर विजेचा पिकअप, म्हणजे खाचेतील थरथरीचे विद्युत्स्पंदनात रूपांतर करणारे टोक, टेकवून गाणे लावायचे, अशी ही जोडणी असे. गॅसबत्त्या, मांडव आणि रेकॉर्ड यांची सुपारी एकत्र घेणारा धंदेवाईक तालुक्याच्या गावी उभा राहिला, आणि लग्नसराईत बैलगाडीवर चढलेले त्याचे साहित्य आसपासच्या खेड्यांतून फिरले. हा धंदा संगीताच्या इतिहासात क्वचितच नोंदला जातो, पण मराठवाड्यातील शिल्लक तबकड्यांची अवस्था समजून घ्यायची तर तोच प्रथम विचारात घ्यावा लागतो: भाड्याने फिरलेल्या तबकडीवर एकच सुई दहा-दहा गाण्यांना चाललेली असते, आणि तिच्या खाचा काळ्याच्या करड्या झालेल्या असतात.

दरम्यान जगात तबकडी बदलली होती. कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्लेइंग, म्हणजे एलपी, ही व्हिनाइल या लवचीक प्लास्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे वाजणारी तबकडी आणली. पुढच्याच वर्षी आरसीएने ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी काढली. पाश्चात्त्य देशांत १९६० च्या आसपास ७८ फेऱ्यांचे उत्पादन आटोपले, परंतु भारतात ते साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले, इतके की बीटल्सची गाणी शेलॅकच्या तबकडीवर मिळण्याचे ठिकाण म्हणून आज जगभरचे संग्राहक भारताचेच नाव घेतात. याचे कारण उघड आहे: किल्लीचे यंत्र ७८ फेऱ्यांशिवाय दुसरी गती जाणत नव्हते, आणि जेथे वीज पोहोचली नव्हती तेथे किल्लीच्या यंत्राला पर्याय नव्हता. विद्युतीकरणात मागे राहिलेल्या मराठवाड्यात हे कारण पश्चिम महाराष्ट्रापेक्षा अधिक काळ टिकले. वीज आल्यावर आलेल्या एचएमव्ही फिएस्टा, कॅलिप्सो यांसारख्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरांच्या पिढीत १६, ३३, ४५ आणि ७८ अशा चार गती देण्याची आणि कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीत, उलटता येणारी दुहेरी सुई ठेवण्याची पद्धत होती. ऐंशीच्या दशकात कॅसेटने हा सारा व्यवहार थोड्याच वर्षांत गुंडाळला.

म्हणून सेलूच्या पेटाऱ्यात सामान्यतः तीन प्रकार एकत्र निघतात: नाट्यपदांच्या व भावगीतांच्या शेलॅकच्या तबकड्या, चित्रपटगीतांच्या सात इंची चकत्या, आणि सत्तरच्या दशकातील थोड्या एलपी. मध्यम किमतीचे टर्नटेबल, म्हणजे खेळण्यासारख्या सुटकेस-यंत्राच्या वरचे आणि लाखाच्या बरेच खालचे यंत्र, घेताना पहिली अडचण येथेच येते, कारण या वर्गातील पुष्कळशा नामांकित यंत्रांना ७८ ही गतीच नाही. रेगा प्लॅनर १ हे त्याचे उदाहरण. प्रो-जेक्टच्या डेब्यू कार्बन इव्होला ७८ साठी वेगळा पट्टा चढवावा लागतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्सला तिन्ही गती बटणावर मिळतात. पण गती मिळाली म्हणजे काम झाले असेही नाही. ७८ च्या खाचेस सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, तर एलपीच्या सुईचे टोक १८ ते २५ मायक्रॉनचे असते; बारीक सुई जुन्या खाचेच्या तळाशी जाऊन तेथील कचरा वाजवते, आणि जाड सुई एलपीची खाच कायमची बिघडवते. ज्या कार्ट्रिजची सुई हाताने काढून दुसरी बसवता येते आणि ज्याच्यासाठी ७८ ची सुई स्वतंत्र मिळते, तेच घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत ही सोय आहे. भोंग्याच्या धंद्यात झिजलेल्या तबकडीवर किंचित वेगळ्या जाडीची सुई खाचेच्या न झिजलेल्या उंचीवर टेकते आणि मेलेला वाटणारा आवाज पुष्कळ अंशी परत येतो, हे संग्राहकांना चांगले ठाऊक आहे.

गती कमी-जास्त करण्याची सोय विक्रेते डीजेंसाठी म्हणून सांगतात. जुन्या मराठी तबकड्यांसाठी ती त्याहून मोलाची आहे. १९२५ पूर्वीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत, आणि गतीत सुमारे सहा टक्के फरक पडला की स्वर अर्ध्या सुराने सरकतो, म्हणजे पांढरी पाचमध्ये गायलेले पद काळी चारमध्ये ऐकू येते आणि गायकाचा आवाज आहे त्याहून कोवळा व उतावळा वाटतो. बालगंधर्वांच्या आवाजाविषयीचे काही समज चुकीच्या गतीने वाजलेल्या तबकड्यांवर पोसले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

फोनो प्रीॲम्प या घटकाचाही विचार करावा लागतो. एलपी मुद्रित करताना खर्जाचे स्वर दाबून व तार स्वर उचलून ठेवलेले असतात, आणि वाजवताना हे उलट करून मूळ तोल आणणारे मंडल म्हणजे फोनो प्रीॲम्प; त्याचे प्रमाण १९५४ च्या सुमारास आरआयएए या अमेरिकी संघटनेच्या नावाने रूढ झाले. हे मंडल यंत्रातच असेल तर यंत्र साध्या ॲम्प्लिफायरलाही जोडता येते. परदेशातील नातेवाइकाने पाठवलेले जुने अमेरिकी यंत्र मात्र जपून घ्यावे: विजेच्या वारंवारतेवर चालणाऱ्या त्याच्या मोटारीला आपली ५० हर्ट्झ वीज मिळाली की ती एक षष्ठांशाने मंद फिरते, आणि व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर हा दोष दूर करत नाही. मुंबईच्या चोर बाजारात मिळणारे चकचकीत पितळी कर्ण्याचे ‘अँटिक’ ग्रामोफोन बहुधा सुटे भाग जुळवून केलेले असतात. ते दिवाणखान्यासाठी ठीक आहेत.

मराठवाड्याच्या हवेचा उल्लेखही येथे करावा लागतो, कारण मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेल्यावर पत्र्याखाली ठेवलेली एलपी वाकते, आणि काळ्या मातीची बारीक धूळ खाचेत बसून सुईखाली दळली जाते. धूळ काढताना स्पिरिट किंवा अल्कोहोल शेलॅकला कधीही लावू नये, ते शेलॅक विरघळवते. पाण्याचा ओलसर मऊ फडका आणि सावलीत वाळवणे पुरते. पेटाऱ्यात एकही शेलॅकची तबकडी नसेल तर हा बराचसा विचार अनावश्यक आहे: दोन गतींचे, पट्ट्यावर फिरणारे, भार दीड ते अडीच ग्रॅमपर्यंत जुळवता येणारे साधे यंत्र अशा घराला पुरेसे होते, आणि वाचलेले पैसे जादा सुईसाठी बाजूला ठेवावेत, कारण तालुक्याच्या गावी ती दुकानात मिळत नाही, मागवावीच लागते.