कलाबतूची चार घरं

मिलच्या फोल्डिंग खात्यात ताके मोजता मोजता मी शब्दकोडी रचतो, हे सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांनाही वाटतं, ‘कमळ’पुढे ‘पंकज’ लिहिलं की झालं कोडं. त्यांचं तरी काय चुकलं? आपल्या दैनिकांतली कोडी तशीच असतात. अर्थाला अर्थ जुळला की पान उलटायचं. सूचक वाक्यानं आधी चकवावं आणि उत्तर सापडल्यावर ‘अरे, यात तर सगळं सांगितलं होतं की!’ असं वाटावं, हा प्रकार मराठी चौकोनांत फारसा उतरला नाही. पण ही कला आपल्याकडे नव्हतीच असं कुणी म्हटलं, तर मी भांडेन.

कोड्याला आम्ही खान्देशी माणसं ‘आन्हा’ म्हणतो, गोव्याकडे ‘हुमाण’. महाभारत लिहून घेताना गणपतीची लेखणी थोपवायला व्यासांनी मध्येच कूट श्लोक पेरले, ही कथा घरोघरची. परंपरा असे श्लोक ८८०० सांगते. पण माझ्या धंद्याचे खरे पूर्वज कलगी-तुऱ्याचे शाहीर. शिव थोर म्हणणारे तुरेवाले, शक्ती थोर म्हणणारे कलगीवाले. डफ-तुणतुण्यावर एका फडानं भेदिक लावणीतून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच ठेक्यात तो उकलायचा. राम हवा असेल तर राम म्हणायचं नाही. ‘ज्याच्या बापाच्या नावात रथ दहा, त्याचा थोरला’ असं काहीतरी म्हणायचं. इथे उत्तर एकच निघतं. दोन निघाली असती तर समोरच्या फडानं ऐकून घेतलं असतं का?

पुढे छापील चौकोन आले. आर्थर विन यांचं पहिलं कोडं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आलं. १९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावानं एडवर्ड पॉइस मॅथर्स निव्वळ गूढ सूचकांची कोडी घालू लागले. त्यांचे वारसदार ‘झिमेनीझ’ यांनी १९६६ मध्ये या कलेवर पुस्तकच लिहिलं. त्यांचा आग्रह असा, की सूचकात एक व्याख्या हवी, एक शब्दाची फोड हवी आणि फालतू शब्द एकही नको. त्याच पत्रात १९७२ पासून त्यांच्यानंतर आलेले ‘अझेड’ वाचकांना एखादा अनवट शब्द देऊन त्याचं सूचक मागवू लागले. म्हणजे सवाल वाचकांनी रचायचा! हे वाचलं तेव्हा मला त्या वाचकांचा हेवा वाटला.

आपल्याकडे त्या काळात काय चाललं होतं? बक्षिसांच्या शब्दकोडे-स्पर्धा. समजा सूचक आहे ‘घरात हे असलं की चिंता नाही’. दोन घरं, दुसऱ्यात ‘न’ छापलेला. पहिल्यात ‘ध’ की ‘धा’? धनही बसतं, धानही बसतं. ‘बरोबर’ उत्तर संपादकाकडे, आणि प्रवेश फी तुमच्या खिशातून. फडावर असा सवाल टाकणाऱ्याची हुर्यो उडाली असती. मुंबई सरकारनं १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला, १९५२ मध्ये राज्याबाहेरून येणाऱ्या वृत्तपत्रांनाही कायद्यात ओढलं. तेव्हा सुरत जिल्हा, म्हणजे आमचं पलसाणाही, मुंबई राज्यातच होतं. १ मे १९६० ला गुजरातेत गेलं. बेंगळुरूच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकाची कोडी चालवणारे चमारबागवाला या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा स्पर्धा जुगारच ठरवल्या. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्यासाठी ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापर्यंत मागे जाऊन दाखले दिले. १९५५ चा केंद्राचा कायदाही आला होता. महिन्याला १००० रुपयांवर बक्षिसं बंद. मला त्या निकालाचं वाईट वाटत नाही. सूचक मुद्दाम पुसट ठेवणं ही लबाडी, गूढ ठेवणं ही कारागिरी.

कारागिरी कशी, ते दाखवतो. शब्द घेतला ‘कलाबतू’, रेशमावर गुंडाळलेली सोन्या-चांदीची तार. सुरतेची जर आजही नावाजलेली, पण आमच्या पट्ट्यात ताके पॉलिएस्टरचे, त्यामुळे मिलमध्ये हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. इंग्रजीवाले सुटी अक्षरं पिसून शब्द लपवतात. आपल्याकडे काना-मात्रा अक्षरालाच चिकटलेली असते, म्हणून पिसण्यापेक्षा तोडणं बरं. कला, ब, तू. कला चौसष्ट. ‘ब’ ही शाळेतली दुसरी तुकडी. ‘तुम्ही’मधला मान काढला की उरतो ‘तू’. आता जोडा:

‘चौसष्टांतली एक, दुसऱ्या तुकडीची; बिनमानाचे तुम्ही; जुळला सोन्याचा धागा. (४)’

वाचणाऱ्याला शाळेतलं प्रेमप्रकरण दिसतं आणि तो तिथेच अडकतो. शेवटचे दोन शब्द म्हणजे सरळ व्याख्या, ‘जुळला’ म्हणजे तुकडे जोडा. ‘एक’ मात्र मला अजून थोडा सैल वाटतो.

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझं सांगणं आहे: पानभर समानार्थी शब्द छापण्यापेक्षा एक अनवट शब्द द्या आणि वाचकांकडून सूचकं मागवा. बक्षीस म्हणून पुढचा अंक पुरे. पहिला शब्द मीच सुचवतो, ‘पासोडी’. अंबेजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, तीच. तीन अक्षरं आहेत. व्याख्या आणि फोड दोन्ही खरी असू द्या.