‘दुप्पट उजेड’ : तळटीप

* दुप्पट उजेड : लेखकाने हे सहज लिहून टाकले आहे, मोजायला बसले की मात्र पंचाईत होते. संवेदना थेट मोजता येत नाही असे मानून गुस्टाव फेख्नर यांनी (१८६०) आडवाट धरली आणि जेमतेम जाणवणारे फरक एकावर एक रचून मोजपट्टी केली. हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९५०च्या दशकात सरळ माणसालाच विचारले. अंधाऱ्या खोलीत एक दिवा दाखवायचा : ‘हा दहा समजा.’ मग कमीजास्त प्रखर दिवे एकेक करून दाखवायचे आणि प्रत्येकाला साजेसा आकडा मागायचा. वीस म्हणा, तीन म्हणा, अपूर्णांकही चालेल. पद्धत पोरखेळ वाटते, पण अनेकांच्या उत्तरांची भूमितीय सरासरी काढली की आलेख नेटका येतो. त्यावरून, उजेड दुप्पट ‘वाटायला’ प्रकाश सुमारे आठपट लागतो. रेषेची लांबी जवळपास असते तेवढीच वाटते. विजेचा झटका याच्या अगदी उलट : स्टीव्हन्स यांच्या आकड्यांनुसार बोटांतून जाणारा प्रवाह दुप्पट केला, तर झटका अकरापट वाटतो!

हे आकडे संवेदनेचे की आकडे बोलण्याच्या सवयीचे, हा आक्षेप रास्तच. म्हणून पुढच्या प्रयोगांत आकडे वगळले. आवाज जितका मोठा, तितक्या जोराने मूठ दाबायला सांगितले. तरीही गुणोत्तरे बरीचशी जुळली. प्रस्तुत वाक्यातला ‘दुप्पट’ मात्र दिव्यांच्या संख्येचा आहे, डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचा नव्हे. – संपा.