आमवात आणि अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे : एका अनुमानाचा इतिहास

मोजमापाच्या पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना विचारतो : घरातले व्होल्टेज कमी दिसले, तर दोष पुरवठ्यात आहे की आपल्याकडचा लोड वाढला आहे? मीटर आकडा दाखवतो, कारण सांगत नाही. आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, इतिहासात हाच प्रश्न अनेक दशके रेंगाळला.

या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. रोगाला हे नाव लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये दिले. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील जेम्स राइनहार्ट यांना आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात 'क' जीवनसत्त्व कमी आढळले. त्याआधी 'क'ची उणीव आणि जंतुसंसर्ग एकत्र आले की गिनी पिगचे सांधे बिघडतात, असेही त्यांनी दाखवले होते. अनुमान सरळ होते : उणीव भरा, रोग हटेल. पुढे रुग्णांना 'क' दिले गेले. रक्तातली पातळी वर आली, सांधे होते तसेच राहिले. दाहामुळे 'क' जास्त खर्च होते, म्हणजे कमी पातळी हा रोगाचा परिणामही असू शकतो, हे तेव्हा फारसे ध्यानात घेतले गेले नाही.

१९७४ मध्ये त्याच कल्पनेला नवा आधार मिळाला. जो मॅकॉर्ड यांनी दाखवले की सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक सांध्यातल्या वंगणद्रवाची चिकटाई घालवते आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर ती वाचवते. मेकॅनिकलच्या मुलांना हे लगेच पटते : वंगण पातळ झाले की बेअरिंग घासणारच! पण हा प्रयोग परीक्षानळीतला होता. तरीही मुक्त मूलके शमवणारी 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वे रोगावरही चालतील, अशी आशा बळावली.

१९९७ मध्ये ४२ रुग्णांवरील चाचणीत १२ आठवडे, दिवसातून दोनदा, ६०० मिलिग्रॅम 'ई' दिले गेले. वेदना थोडी कमी झाली. दाहाच्या मोजमापांत फरक पडला नाही. २००८ मध्ये अमेरिकेतील सुमारे ३९ हजार स्त्रियांच्या, जवळपास दहा वर्षे चाललेल्या चाचणीचा निकाल आला. दिवसाआड 'ई' घेतल्याने आमवात होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही.

माझ्या आत्याला हा निकाल कोणी सांगितला नव्हता. वेदना कमी वाटते म्हणून तिने 'ई'च्या कॅप्सूल धरल्या आणि डॉक्टरांना न विचारता मेथोट्रेक्सेट सोडले. दुखणे कमी होणे आणि झीज थांबणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्षभराने वाकडी झालेली तिची बोटे पाहून आम्हाला कळले.

या मेथोट्रेक्सेटची कथा आपल्या जवळची आहे. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत होते. १९४० च्या दशकात त्यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे फॉलिक आम्ल आणि त्याला विरोध करणारी संयुगे तयार झाली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन १९५१ मध्ये आमवातावर वापरून पाहिले गेले. त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट १९८८ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मान्य झाले. त्यासोबत आज डॉक्टर एक जीवनसत्त्व आवर्जून देतात, पण ते 'क' नव्हे की 'ई' नव्हे. ते आहे फॉलिक आम्ल, आणि ते दिले जाते तोंडातले फोड, मळमळ यांसारखे औषधाचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी.