मोसंबीची कुळकथा

युरोपातील शरद ऋतू हा सफरचंदांचा. तेथील खेडुताला दहा-वीस जाती सहज ओळखता येतात. कोणते फळ झाडावरून काढताच खावे, कोणते तळघरात गवतावर मांडून नाताळापर्यंत ठेवावे, हे त्याला वडिलार्जित ज्ञानाने ठाऊक असते. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात सफरचंदाचे नाव काढण्यात अर्थ नाही. पण शरदातले फळ ओळखण्याची, राखण्याची आणि चाखण्याची विद्या आपल्याकडेही आहे. ती पाहावयाची तर जालन्याच्या पश्चिमेस, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील बदनापूरला जावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ह्या परिसरातील मोसंबीच्या बागा आंबे बहाराच्या फळांनी वाकलेल्या असतात.

गंमत अशी की सफरचंद आणि मोसंबी ह्यांचे नाते भाषेने केव्हाच जोडून ठेवले आहे. मोसंबी ज्या कुळातली, त्या गोड नारिंगाला डच लोक ‘सिनासअ‍ॅपल’ आणि जर्मन लोक ‘आप्फेलझिने’ म्हणतात. दोहोंचा अर्थ एकच : चिनी सफरचंद. हे नाव मात्र फळाच्या जन्मभूमीशी प्रामाणिक आहे. पपनस आणि मँडरिन ह्यांच्या संकरातून दक्षिण चीनच्या बाजूस हे फळ जन्मले, असे वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत आहे. आंबट नारिंग अरबांनी आधीच पश्चिमेकडे नेले होते आणि ‘नारंग’ हा आपला शब्द त्याच्याबरोबर फारशी-अरबीतून स्पेनपर्यंत गेला. गोड नारिंगाची ख्याती पुढे पोर्तुगिजांनी वाढवली, इतकी की अरबीत त्याचे नावच ‘बुर्तुकाल’ पडले.

१४९८ च्या एप्रिलमध्ये वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोंबासापुढे उभी राहिली, तेव्हा तेथील राजाने नारिंगे, लिंबे आणि ऊस भेटीदाखल पाठविल्याची नोंद त्या सफरीच्या रोजनिशीत आहे. म्हणजे पोर्तुगीज पोहोचण्यापूर्वीच ह्या कुळातली फळे त्या किनाऱ्यावर रुजली होती. पुढे मोझांबिक बेट हे लिस्बनहून गोव्याकडे येणाऱ्या गलबतांच्या विसाव्याचे ठाणे झाले. आपली ‘मोसंबी’ ती हीच; मोझांबिकची म्हणून मोसंबी. फळांच्या नावांची ही खोडच आहे, की ती जन्मगाव सांगत नाहीत, शेवटचे बंदर सांगतात. पंजाबात ह्याच फळाची एक जात ‘माल्टा’ म्हणून ओळखली जाते. ‘संत्रे’ हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून आला असे पुष्कळांचे म्हणणे. परंतु बाबराने आपल्या आत्मचरित्रात, उत्तर हिंदुस्थानात पोर्तुगिजांचा वारा लागण्यापूर्वीच, ‘संगतरा’ नावाच्या फळाचे वर्णन केले आहे. तेव्हा त्या व्युत्पत्तीवर फार भार न टाकलेला बरा.

मराठवाड्याची भूमी ह्या कुळाला परकी नव्हती. नागपूरच्या भोसल्यांनी संत्र्याची झाडे औरंगाबादेहून नेली, अशी परंपरागत समजूत आहे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरच्या काळापासून नहरींचे पाणी खेळत होते. तेथील मोगलकालीन हिमायतबागेत आज फळ संशोधन केंद्र आहे. बदनापूरच्या वाट्याला मात्र नहर आली नाही. इथे भिस्त विहिरीवर, दुधनेच्या पाण्यावर आणि पावसावर. निजामाच्या राज्यातील मीटर गेज रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या बाजूने धावू लागली आणि दूरच्या पेठांची वाट खुली झाली. मोटेची जागा इंजिनाने व पुढे विजेच्या पंपाने घेतली, तसा बागायतीचा विस्तार शक्य झाला.

आता ओळखीकडे वळू. अस्सल मोसंबीची खूण दोन ठिकाणी पाहावी. सालीवर देठापासून बुडापर्यंत बारीक उभ्या शिरा असतात आणि बुडाशी नाण्याने ठसा उमटवावा तसे एक वलय असते. साल गराला घट्ट चिकटलेली असते. संत्र्यासारखी ती बोटांनी सुटत नाही, म्हणून मोसंबी कापून किंवा रस काढूनच खावी लागते. आंध्रातील सातगुडी ह्याच कुळातली, पण तिची साल अधिक गुळगुळीत आणि रंग नारिंगीकडे झुकणारा. लाल माल्ट्याचा गर रक्तवर्णी. व्हॅलेन्शिया उशिरा पिकणारी व कमी बियांची, तर हॅमलिन लवकर येणारी. मोसंबीत आंबटपणा फार थोडा, आणि आजाऱ्याच्या उशाशी तिला मान मिळाला तो ह्याच गुणामुळे.

रंगावर मात्र विश्वासू नये. सालीतील हिरवेपणा जाण्यास थंड रात्री लागतात. भूमध्य समुद्राकाठी त्या मिळतात, बदनापूरच्या आश्विनात मिळत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे आत पूर्ण गोडी भरलेले फळही बाहेरून हिरवट-पिवळे दिसते. अनुभवी बागाईतदार फळ हातात तोलून पाहतो. आकाराच्या मानाने जड आणि सालीला तुकतुकी आलेले फळ तयार समजावे. ही पारख महत्त्वाची, कारण मोसंबी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. झाडावरून उतरली त्या क्षणी तिची गोडी ठरली. कच्ची काढली तर ती कितीही दिवस ठेवा, पिवळी होईल, सुकेल, पण गोड होणार नाही.

साठवणीचे शास्त्रही त्यावरूनच ठरते. फळ ओढून न काढता देठाशी कात्रीने कापावे, सालीला इजा होऊ देऊ नये आणि हवेशीर सावलीत पसरावे. असे फळ आठ-दहा दिवस सहज राहते. शीतगृहात ते कित्येक आठवडे टिकते. रसाची गोष्ट वेगळी. काढून ठेवलेला मोसंबीचा रस काही वेळाने कडवट होतो. गरातील एक बेचव द्रव्य रसाच्या आंबटाशी संयोग पावून ‘लिमोनिन’ नावाचे कडू द्रव्य बनते, हे त्याचे कारण. रस काढताच प्यावा, ह्या घरगुती शहाणपणाला असा आधार आहे.

परंतु खरी कठीण ओळख फळाची नव्हे, रोपाची. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून मोसंबीचे कलम करतात. रोपवाटिकेत सगळी कलमे सारखीच हिरवी. त्यांतले कोणते जातिवंत आणि कोणत्या डोळ्यातून विषाणू आला, हे फळ धरेपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षे, कळत नाही. ह्यावर ‘न्युसेलर’ मोसंबीचा तोडगा निघाला. ह्या कुळातील एका बीमध्ये अनेक भ्रूण असतात आणि त्यांतील काही केवळ मातेच्या पेशींपासून बनतात. अशा रोपात आईचे गुण जसेच्या तसे उतरतात, आणि बहुतेक विषाणू बियांतून येत नसल्याने जुना रोग मागे राहतो. बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे. जातिवंत मातृवृक्ष जपणे हे अशा केंद्राचे खरे मोल.

कारण इथे एक झाड म्हणजे अनेक वर्षांची ठेव. मोसंबीला बहार यावा म्हणून शेतकरी तिला मुद्दाम ताण देतो. आंबे बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतो, पाने पिवळी पडू देतो आणि मग पाणी सोडतो, की बाग फुलाने भरते. ह्या मोजून दिलेल्या तहानेवर सारे पीक उभे असते. पण ते फळ पुढे सबंध उन्हाळा झाडावर सांभाळावे लागते आणि विहीर तळ गाठते ती नेमकी तेव्हाच. मृग बहार धरला तर फुलोरा पावसावर येतो, पण पाऊस हुकला की तोही हुकला. बहार निवडणे म्हणजे आपले संकट निवडणे होय. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने ह्या निवडीची किंमत मोजली. काहींनी टँकरने पाणी विकत आणून झाडे जगवली. पुष्कळांच्या बागा उभ्या वाळल्या आणि भर उत्पन्नाच्या वयात आलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. धान्याचे पीक बुडाले तर पुढच्या पावसाची आशा असते. बाग बुडाली म्हणजे पुन्हा पाच वर्षे कोरी.

तरीही कलमे पुन्हा लागली. २०१६ साली ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. चीनमध्ये जन्मलेल्या आणि मोझांबिकचे नाव लावणाऱ्या फळाला कायद्याने जालन्याचे रहिवासी ठरवले. ह्या रहिवासाचा दाखला कागदावरचा आहे. तो दरसाल नवा करून घ्यावा लागतो विहिरीच्या पाण्यावर, आणि ते पाणी पुरवून वापरणाऱ्या माणसांच्या हातून. ह्या दिवाळीत मोसंबी चिरताना तिच्या बुडाचे वलय जरा निरखून पाहावे. इतका लांबचा प्रवास करून आलेला पाहुणा आहे तो.