कृपासदन
कृपासदन : समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगाव (जि. पुणे) येथे स्थापिलेले आश्रयस्थान. स्वतःस नीतिमान समजून इतरांस तुच्छ लेखणाऱ्यांसाठी येशूने परूशी व जकातदार यांचा दृष्टान्त सांगितला (लूक १८ : ९–१४), त्यात आपले पुण्य सांगणारा परूशी नव्हे, तर दयेची याचना करणारा जकातदार नीतिमान ठरतो. १८८३ मध्ये लंडनच्या फुलम भागात रमाबाईंनी अशा स्त्रियांना ममतेने सांभाळणाऱ्या ख्रिस्ती जोगिणी पाहिल्या. या ममतेचे कारण विचारता त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा (योहान ४) वाचून दाखविण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे स्वतंत्र धर्मविचारामुळे त्याच संघातील जेराल्डीन या जोगिणीने त्यांना अहंकाराचा दोष दिला. फुलमच्या अनुभवाचेच संस्थारूप कृपासदनात दिसते.